आकाशातून दिसलेली होडी

फुकटात कोण काय करतं हो? मला सांगा. चार नारळ पाडून दे म्हटलं तर माझा सख्खा पुतण्या आधी सिगारेट मागतो. आणि ही बाई, जावाहून आलेली नर्स, रोज दुपारी दवाखाना मिटला की संगणकापुढं बसून आमची बेटं काढायची. आकाशातून घेतलेले फोटो समोर ठेवायचे, बेटाच्या कडेकडेनं एकेक ठिपका देत जायचं आणि ठिपके जोडले की झालं बेट. ज्या बेटांवर माणूस नाही, प्यायला पाणी नाही, पक्ष्यांनी घाण करण्यापलीकडं काही घडत नाही, नेमकी तीच बेटं. पगार मिळतो? नाही. सरकारनं सांगितलंय? नाही. मग कशाला? तर म्हणे, आवड.

आवड! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

मी मेल्किआनुस. वायलुसी गावचा केवांग, म्हणजे गावच्या समुद्राची राखण करणारा. माझ्या आधी माझे वडील एलिफास केवांग होते, सगळ्या गावाचे तेते, म्हणजे आजोबा, आणि अजूनही गावात कुणी खोटं बोललं तर म्हातारे म्हणतात, तेते एलिफास असता तर तुझी हिंमत झाली असती का? त्यांची काठी माझ्या हातात आहे. म्हणजे होती. सांगतो.

गावासमोर नुसा कोय नावाचं बेट आहे. त्याच्याभोवतीच्या प्रवाळात समुद्रकाकड्या, म्हणजे वाळवून महागात विकले जाणारे काकडीसारखे जीव, आणि लोला शिंपले मिळतात. ते पाणी आम्ही सासी लावून बंद करतो. चर्चमध्ये प्रार्थना होते, किनाऱ्यावरच्या खांबाला कोवळी झावळी बांधतात, आणि मग उघडायचा दिवस येईपर्यंत तिथलं एक शिंपलंसुद्धा कुणी उचलायचं नाही. केवांगनंही नाही. राखणीला होडी बाहेरून फिरवायची, आत शिरायचं नाही. दर तीन वर्षांनी नाताळाच्या आधी सासी उघडते त्या दिवशी गावातली प्रत्येक होडी तिथं असते. सगळे बरोबर बुड्या मारतात, आणि वाटा विधवेलाही मिळतो अन् पांगळ्यालाही.

या खेपेला उघडण्याआधी मी नेहमीसारखी पाहणीची बुडी मारली. खाली काही नाही. वाळू, खडक, आणि मला बघून पळणारे नुसते मासे. मी वर आलो, श्वास घेतला, परत गेलो. नाहीच. कुणीतरी झाडून नेलं होतं सगळं. तीन वर्षं मी ज्या पाण्याला डोळ्यांत तेल घालून जपलं, ते कुणीतरी माझ्या नाकावर टिच्चून धुऊन नेलं होतं. मला पाण्यातच रडू आलं, खोटं कशाला बोलू.

गावात बातमी गेली आणि त्या दिवसापासून कुणी कुणाकडं सरळ बघेना. चुलीवर कढई चढली तरी शेजारीण वास घेऊन जायची, काय शिजतंय म्हणून. बापा राजा, आमच्याकडं गावच्या मुख्याला राजाच म्हणतात आणि बापाला काय, कुठल्याही वडीलधाऱ्याला काय, बापा, मला बोलावून म्हणाला, "मेल्की, चोर सापडला पाहिजे. नाही सापडला तर पुढच्या वेळी सासीला कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "सापडेल."

आणि माझ्या डोळ्यांपुढं नर्स आली. हिनंच मला विचारलं होतं ना, "बापा, या खडकाला तुम्ही काय म्हणता? ओहोटीला किती उघडा पडतो? आत शिरायची वाट कुठल्या अंगाला?" आणि मी गाढव, तिच्याकडची बिस्किटं खात खात सगळं सांगत बसलो होतो! आता कळलं कुठं पाणी मुरतंय ते. ही नकाशा काढते, कुठल्या तरी मोठ्या जहाजवाल्याला धाडते, आणि ते रातोरात येऊन उचलून नेतात.

मी तडक दवाखान्यात गेलो. इबू सुलास, म्हणजे नर्सबाई, चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडं बघत होती. गावात इंटरनेटचा मनोरा एकच, तोही दवाखान्याच्या मागं, त्यामुळं तिचं साम्राज्य तिथंच.

"या बापा," ती म्हणाली. "रक्तदाब बघू?"

"माझा राहू दे. तू काय करतेस ते बघायचंय मला."

बाई खूशच झाली! खुर्ची ओढून दिली. मला वाटलं होतं दचकेल, झाकाझाक करेल. ही उलट एखाद्या आईनं लेकराचे फोटो दाखवावेत तशी एकेक बेट उघडून दाखवायला लागली. "हे बघा, हे आधी कुणीतरी नुसतं त्रिकोणी काढून ठेवलेलं. तीन ठिपके दिले की झालं बेट! आता बघा, हा सोंडेसारखा वाळूचा दांडा. आणि हे बेट तर जगाच्या नकाशावर नव्हतंच, बापा. नुसतं निळं पाणी."

"नसेना का. बेटाला काही फरक पडला?"

ती हसली. "बेटाला नाही. मला पडतो."

"ह्याचे पैसे तुला देतं कोण?"

"कुणी नाही. दूर फिनलंडमधे एक आजोबा आहेत, तेही हेच करतात. माझी चूक झाली की ते दुरुस्त करतात. गेल्या महिन्यात मी ढगाच्या सावलीला खडक समजून काढलं, तर केवढं लांबलचक लिहून पाठवलं त्यांनी."

फिनलंडचा म्हातारा. ठीक आहे. मी मनात नोंद करून ठेवली. मग म्हटलं, "नुसा कोय दाखव."

तिनं बोटं फिरवली आणि नुसा कोय पडद्यावर आलं. आयुष्यभर ज्याला समोरून पाहिलं ते वरून पाहताना मला कसंतरीच झालं, उघड्या अंगाच्या माणसाकडं बघावं तसं. पांढरी वाळू, भोवती हिरवट उथळ पाणी, फेसाची रेघ. आणि आत, खडकांच्या आतल्या बाजूला, एक होडी.

"मोठं कर," मी म्हटलं.

तिनं मोठं केलं. चित्र जरा फाटल्यासारखं झालं, पण होडी दिसत होती. आमच्या गावात प्रत्येक होडीला दोन्ही बाजूंनी उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं तरतं लाकूड, असते. ह्या होडीला एकाच बाजूला होती. अख्ख्या वायलुसीत अशी होडी एकच, आणि ती माझ्या बहिणीच्या, सेलफिनाच्या, नवऱ्याची. योपीची.

आणि शेजारी वाळूवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. समुद्रकाकड्या वाळत घातल्या की अशाच दिसतात. सांगायला मला नर्स नको होती.

तरीच! तरीच गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडं नवं इंजिन आलं. तरीच मी पाहणीला निघालो तेव्हा मला बूंग, म्हणजे दादा, करत म्हणत होता, "बूंग, कशाला इतक्या लवकर? समुद्र पळून चाललाय का?" दात काढून हसत होता वर. माझ्या घरात बसून, माझ्या बायकोच्या हातची पापेडा, साबूची गरम खळ, ओरपून!

"बापा, थांबा," नर्स मागून म्हणत होती, "बापा, हे चित्र..." पण मी पायऱ्या उतरलो होतो. त्याच दुपारी ती लसीच्या पेट्या घेऊन पलीकडच्या बेटांवर निघून गेली.

योपी किनाऱ्यावर जाळं शिवत होता, तोंडात गाणं. मी त्याचं जाळं लाथेनं उडवलं.

"चोरा! भर सासीत नुसा कोयवर गेलास?"

"अरे बूंग, काय झालं काय? डोकं फिरलं का उन्हानं?"

"आकाशातून दिसलास तू मला! तुझी होडी, तुझा माल, वाळूवर पसरलेला! आता काय सांगशील, आकाश खोटं बोलतं?"

माणसं गोळा झाली. आकाशातून दिसलं हे ऐकल्यावर कुणाला शंकाच उरली नाही. आमच्याकडं चर्चचा पाळक रोज सांगतो की वरून सगळं दिसतं, आणि आता तर संगणकातही दिसलं होतं. योपी आधी हसला, मग लोकांची तोंडं बघून त्याचं हसू मावळलं. "मी नव्हतो," तो म्हणाला. "पोरांची शपथ. सेलफिनाला विचारा." कुणी विचारलं नाही.

बापा राजानं निकाल दिला तो सगळ्यांना आधीच माहीत होता. सासी मोडणाऱ्याच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घालतात, पुढं घंगाळ बडवत नेतात, आणि गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला स्वतःच्या तोंडानं ओरडत जावं लागतं की मी चोर आहे. मग त्याच्या घराला सासीतून कायमचं काढतात. उघडण्याच्या दिवशी सगळं गाव पाण्यात, आणि ते घर दार लावून आत. त्याची पोरं, पोरांची पोरंसुद्धा. रविवारी प्रार्थनेनंतर योपीची मिरवणूक ठरली.

सेलफिना माझ्या दारात आली. माझी धाकटी बहीण, मी हिला पाठुंगळीला घेऊन पोहायला शिकवलं. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"इंजिन त्याच्या भावानं सोरोंगहून पाठवलंय. धक्क्यावर उतरवताना सगळ्या गावानं बघितलंय. तूही होतास."

"मी काय बघितलं ते मला माहीत आहे, सेलफी."

"माझ्या पोरांना तू वाळीत टाकणार? तू? बापा असते तर तुझ्या थोबाडीत मारली असती."

"बापा असते तर त्यांनी स्वतः घंगाळ वाजवलं असतं," मी म्हटलं. आणि मला ते बोलताना अगदी बरोबर वाटत होतं, देवाशपथ. अभिमानसुद्धा वाटत होता.

माझी बायको मिंगा आत भांडी घासत होती. ती भांडी जोरात आपटत होती.

रविवारी सकाळी लोक चर्चकडं निघाले होते तेव्हा नर्सची होडी धक्क्याला लागली. तिनं पेट्या तशाच टाकल्या आणि धावत माझ्याकडं आली. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, चपला हातात.

"बापा, काय केलंत हे तुम्ही? ते चित्र आत्ताचं नाही!"

"आत्ताचं नाही म्हणजे?"

"तुम्हाला काय वाटलं, वर कुणी बसून रोज बघतंय? उपग्रह कधीतरी वरून जातो, आकाश निरभ्र असलं तर चित्र घेतो. तेच वर्षानुवर्षं ठेवतात. आपल्यासारख्या जागेचं नवं चित्र कोण विकत घेतंय? मी सांगत होते, तुम्ही थांबलाच नाहीत."

माझा विश्वास बसेना. मला ओढतच तिनं दवाखान्यात नेलं. यंत्र सुरू करून तिनं नुसा कोयवरून चित्र सरकवत आमच्या गावावर आणलं. "एकाच फेरीत घेतलेलं आहे हे सगळं. आता मला दाखवा, हा दवाखाना कुठं आहे?"

मी बघितलं. धक्का होता, चर्च होतं, शाळा होती. जिथं आम्ही त्या घडीला उभे होतो तिथं नारळाची झाडं होती. दवाखाना नव्हताच.

आधी मला हसू फुटलं. एकदम हलकं हलकं वाटलं. योपी सुटला! सेलफिनाची पोरं सुटली! मी नर्सचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "इबू, तू आधी का नाही..." आणि तेवढ्यात माझी नजर परत पडद्यावर गेली. कुणीही आपल्या गावाचं चित्र बघितलं की काय शोधतं? आपलं घर. मीही शोधलं.

घराच्या मागं चार भिंती होत्या, वर छप्पर नाही. वरून नुसता चौकोन.

ती आमची स्वयंपाकाची खोली. भिंती उभ्या केल्या आणि मिंगा पडली. पोटात गाठ, ताप उतरेना. आम्ही काम तसंच सोडलं आणि तिला आंबोनला मोठ्या इस्पितळात नेलं. तिचं पोट फाडलं, गाठ काढली, ती जगली. परत आलो आणि लगेच छप्पर घातलं, कारण सेलफिनाचं लग्न ठरलं होतं आणि वऱ्हाडाचा स्वयंपाक तिथंच करायचा होता. बिनछपराची ती खोली फक्त त्या एका हंगामात होती.

आणि ती होडी? ती होडी बापांनी लग्नातच योपीला दिली. त्याआधी ती त्यांची होती. एका उलांडीची होडी त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली होती, दुसऱ्या कुणाला ते तिला हातसुद्धा लावू देत नसत.

मी खुर्चीत बसलो. होडी कुठंतरी बाहेर असती तर म्हटलं असतं, राखणीला गेले असतील. उघडण्याचा दिवस असता तर गावच्या सगळ्या होड्या दिसल्या असत्या. ही एकटीच होती, खडकांच्या आत, आणि वाळूवर माल वाळत होता. आंबोनला जायला बोट, इस्पितळ, औषधं, त्या म्हाताऱ्यानं सगळं भागवलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चर्चच्या भावंडांनी मदत केली, तू बायको बघ." मी त्या भावंडांसाठी कितीतरी दिवस प्रार्थना केली होती.

नर्सनं मला पाणी दिलं. तिला कळलं असावं. "बापा," ती हळूच म्हणाली, "चित्र जुनं आहे एवढंच सांगा. तेवढं पुरे आहे."

बाहेर घंगाळ वाजायला लागलं होतं.

चर्चच्या अंगणात सगळं गाव होतं. योपीच्या गळ्यात माळ घातलेली, सेलफिना त्याच्या शेजारी, पोरांना मागं घेऊन. मी पुढं गेलो आणि म्हटलं, "थांबा. माझी चूक झाली. ते चित्र जुनं आहे. तेव्हा दवाखाना नव्हता."

गर्दीत कुजबुज झाली. बापा राजा भुवया चढवून म्हणाला, "जुनं म्हणजे किती जुनं? होडी तर तीच ना?"

"तीच."

"मग तेव्हा होडी कुणाची होती, मेल्की?"

एवढा एकच प्रश्न होता. मी म्हणू शकलो असतो, वरून नीट दिसत नाही, माझी नजर चुकली. पण मी चार दिवस ओरडून सांगितलं होतं की मला नीट दिसलंय. आता नाही म्हटलं असतं तर निम्मं गाव म्हणालं असतं, मेव्हण्याला वाचवतोय. योपी सुटला असता, पण पोरं पुढं आयुष्यभर तेच ऐकत राहिली असती.

"माझ्या बापाची," मी म्हटलं. "भर सासीत. मिंगाच्या आजारपणात. चोर तो होता."

मग योपीनं माळ गळ्यातून काढली, माझ्या पायाशी फेकली आणि पोरांना घेऊन निघून गेला. माझ्याकडं बघितलंही नाही. सेलफिना मात्र थांबली.

"त्यांचं नाव घ्यायची काय गरज होती?" तिचा आवाज फाटला होता. "ते माझेही बाप होते ना? आता त्यांच्या थडग्यावर फुलं कुणी ठेवायची?"

"नाव घेतलं नसतं तर योपी..."

"आधी माझ्या नवऱ्याला मारायचं, मग बापाला मारायचं. तुझं न्यायाचं भूत कधी उतरणार आहे, बूंग?"

मागून एक म्हातारी, तीच जी रोज तेते एलिफास तेते एलिफास करायची, मोठ्यानं म्हणाली, "केवांगच्याच घरात चोरी. मग ह्या वेळी कशावरून नाही?" आणि मला दिसलं, गावची नजर कशी फिरते ते. सकाळपर्यंत योपीवर होती, आता माझ्यावर. पाहणीची बुडी कुणी मारली? मेल्कीनं. एकट्यानं. आत जायची वाट कुणाला ठाऊक? मेल्कीला. चोर सापडायला हवा म्हणून मेव्हण्यावर धावून कोण गेलं? माझ्याविरुद्ध मीच किती पुरावे उभे केले होते ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही मीच चोर वाटलो असतो.

बापा राजानं हात पुढं केला. मी काठी दिली. "तात्पुरती," तो म्हणाला, पण डोळे दुसरीकडं होते.

घरी आलो तर मिंगा त्याच खोलीत चुलीपुढं बसली होती. चूल पेटवलेली नव्हती. आज सगळ्या गावासमोर तिला कळलं होतं की ती कशावर जगली आहे. मी शेजारी बसलो. आपल्या नेसत्या सारोंगची कड ती चिमटीत धरून बसली होती.

"म्हातारा मला दर वेळी म्हणायचा," ती म्हणाली, "सुने, तू बरी झालीस, आता मला काही नको. मला वाटायचं माया आहे."

"मायाच होती गं."

"असेल." मग तिनं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षांचा संसार, माझं खोकणंसुद्धा ओळखते ती. "मेल्की, खरं सांग. ह्या वेळी तू नव्हतास ना गेला?"

माझ्या डोक्यात सणक गेली. तू पण? तोंडावर आलं होतं. पण ती शांतपणे विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती, जे काही उत्तर असेल त्याची. योपीला मी असं विचारलंच नव्हतं. एकदाही नाही.

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मग उठली आणि चुलीत लाकडं घालायला लागली.